रिमोटच्या गाडीला ओलं फडकं

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाकडं आहे. चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा कोणी ही वही उघडलीच तर सांभाळून घ्यावं.

आज घरचा मिक्सर जळाला. त्या वासाने अकोल्यातली एक दुपार आठवली. मी ज्यांच्याकडे धुणीभांडी करायची, त्या बाईंनी मुलाची रिमोटची गाडी आमच्या घरी दुरुस्तीला दिली होती. हळू चालते म्हणाल्या. माझे मालक, म्हणजे घरधनी, शेतातल्या पंपांच्या मोटरी दुरुस्त करायचे. त्यांनी गाडीत जास्त ताकदीची बॅटरी बसवली.

गाडी अंगणात अशी सुटली की कोंबड्या उडाल्या.

"पाह्य, पाह्य कशी पयते!" ते ओरडले.

"आवो, जळका वास येऊन राह्यला. थांबवा ना."

"काहून थांबवू? विहिरीवरची मोटर नाई तापत काय? ओलं फडकं आण."

विहिरीवरच्या मोटरीवर ओलं पोतं टाकतात, तसं त्यांनी त्या लिंबाएवढ्या मोटरीला फडकं गुंडाळलं आणि गाडी पुन्हा पळवली. फडक्यातून आधी वाफ आली, मग धूर. गाडी थांबली ती थांबलीच. बाई कामावरून काढतील या भीतीने मी तेव्हा फक्त गाडीकडे पाहत होते. त्याआधी ते किती हसले होते, हे आज दिसतं.

बाईंनी काढलं नाही. गाडीचे पैसे पगारातून दरमहा शंभर असे कापले. शेवटचे शंभर कापले तेव्हा मालक वारून महिना झाला होता.

"झाले हं सगळे पूर्ण," बाई म्हणाल्या.

मी हो म्हटलं आणि भांडी घासायला बसले.