करलीची परीक्षा

माझी बायको शेवंती गेली त्या दिवशी दुपारी तिने करलीचं कालवण केलं होतं. ज्यांनी करली खाल्ली नाही त्यांना सांगतो, चवीला तिच्यासारखा मासा नाही आणि काट्यांनाही नाही. केसासारखे काटे, तुकडीभर पसरलेले. शेवंती माझं ताट आधी स्वतःकडे ओढायची, बोटांनी चाचपून काटे काढायची आणि मग ताट परत सरकवायची. डोळ्यांत मोतीबिंदू झाला तरी हे चालूच होतं. मी स्वतः खायला घेतली की घाईत गिळायचो, घशात काटा रुतायचा आणि मग कोरड्या भाताचे मुटके गिळत बसायचो. त्या दुपारी तिने एक तुकडी टोपात ठेवली. म्हणाली, "ह्या उद्या सकाळी खावा. मुरला काय बरा लागता." मी म्हटलं, "काटे कोण काढणार?" "मी असंय मां," म्हणाली.

मी मोटार मेकॅनिक. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या मेहेरबानीने. शेवंती मालवणकडची, शाळेच्या वाटेलाच गेली नाही. पण माणूस पारखायचा म्हटला की ती न्यायाधीश. भाजीवाला असो, भटजी असो, डॉक्टर असो, तिचा निकाल ठरलेला आणि त्यावर अपील नाही. तोंडात एकच, "त्येचा बोलना सांगू नकात. हात कसो चलता तां सांगा."

आमच्या तरुणपणची गोष्ट, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले दिवस. आज मोर्चा, उद्या हरताळ. मी लालबागला एका गॅरेजात होतो. आमच्या शेठना मोटारींच्या शर्यतीचं वेड. त्यांचा मुलगा जुहूच्या धावपट्टीवर गाडी पळवायचा. इंजिन मी बांधायचो, पण क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, घासणं, सिलिंडर आतून कोरून बोअर करणं ही लेथ यंत्र चालवणाऱ्या लेथवाल्यांची कामं. तिथेच घोळ झाला. एका गोड बोलणाऱ्याकडे शाफ्ट दिला. "उद्या घेऊन जा" म्हणाला आणि खरंच उद्या दिला. सरावात भर वेगात शाफ्ट मोडला, रॉड इंजिन फोडून बाहेर आला, चाकांखाली तेल सांडलं आणि गाडी भिंगरीसारखी फिरली. मुलगा हात मोडून घेऊन वाचला. बरा होतो न होतो तोच म्हणाला, पुढच्या शर्यतीत उतरणार. शेठ मला म्हणाले, "या वेळी माणूस नीट शोध."

मग सगळ्या लालबागला इंजिनातलं कळायला लागलं. न्हावी सल्ला देई, मसाला कांडपवाला सल्ला देई. एकाने सांगितलं, शर्यतीच्या इंजिनात एरंडेल घालतात. हे मात्र खरं होतं, घालायचे. शेवंती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "मगे त्येका जुलाब नाय होनत?"

हसणं आवरल्यावर म्हणाली, "तुमचे जे कोन लेथवाले असत, त्यांका एकेकाक जेवूक घेऊन येवा. करली करतंय."

"जेवणाचा आणि शाफ्टचा काय संबंध?"

"माका इंजिनातला काय कळना नाय. पन हाताक घाई असली तर ताटात दिसता."

पहिला आला भोईवाड्याचा. जेवताना विलायती मशीनच्या गोष्टी सांगत होता आणि काट्यांबरोबर अर्धी करली टाकून गेला. शेवंती ताट बघून म्हणाली, "ह्यो तुमचो शाफ्टय असोच खरवडून टाकतलो." दुसरा भराभर जेवला आणि त्याच्या घशात काटा अडकला. खाली रस्त्यावरून मोर्चा चालला होता, पण त्याचा खोकला घोषणांच्या वर ऐकू येत होता. तिसरा पांचाळ मिस्त्री मासे खात नव्हता. तिने त्याच्यासाठी शेवग्याच्या शेंगा केल्या, तर तो आलाच नाही. म्हटलं, बोअरिंगला त्याच्यासारखा माणूस नाही. "परीक्षेक नाय इलो म्हंजे नापास," म्हणाली. बोअरिंग मी तिला न सांगता त्याच्याकडूनच करून घेतलं आणि उत्तम झालं. हे तिला मी शेवटपर्यंत टोमणे मारायला वापरलं.

चौथा माझगावचा पास्कू. गोदीत जहाजांच्या पंपांची कामं करणारा, तोंडाने मुका म्हणावा असा. तो एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ओळीने लावत होता, लहानापासून मोठ्यापर्यंत. मला भूक लागलेली, हा संपवतच नाही. म्हटलं, "जेवतोयस की पूजा मांडतोयस?"

"वहिनीनी सावकाश केलंय, मी पण सावकाश खातो रे," तो म्हणाला.

हात धुतल्यावर मी विचारलं, "शाफ्ट उद्या मिळेल?"

"नाय. पैला बघतो. चीर असली तर घासणारच नाय."

शेवंतीने न विचारता त्याला दुसरी तुकडी वाढली.

शेठनी नवा म्हणून आणलेला शाफ्ट पास्कूने रॉकेलात बुडवला, पुसला आणि वर खडू फासला. चिरेत मुरलेलं रॉकेल बाहेर झिरपलं आणि पांढऱ्यावर एक रेघ उमटली, करलीच्या काट्याएवढी. म्हणाला, "घेऊन जा." शेठ तापले. दुसरा शाफ्ट मिळायचा नाही, शर्यत तोंडावर आलेली, एवढ्याशा रेघेने काय होतं, दुसऱ्याकडून घासून घे. नाही म्हटलं असतं तर माझी नोकरी जाणार होती. घरी आल्यावर शेवंतीने सगळं काढून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "त्या गाडयेत कोनाचो तरी झील बसतलो मां?"

सकाळी शेठना सांगितलं, ज्या गाडीत तुमचा मुलगा बसणार, तिचं इंजिन मी या शाफ्टवर बांधणार नाही. शेठनी कामावरून काढलं नाही, पण माझ्याशी बोलेनासे झाले. नशीब, हरताळाने शर्यत पुढे गेली, तेवढ्यात दुसरा शाफ्ट मिळाला आणि तो पास्कूने घासला.

गाडी तिसरी आली. मी धावतपळत घरी येऊन सांगितलं, "तिसरी आली."

"तां नाय इचारूक. झील घराक गेलो मां?"

"गेला."

"मगे जेवा," म्हणाली आणि माझं ताट ओढून घेतलं.

पुढे चाळीत अशी सांगत फिरली की वाटावं, गाडी हिनेच पळवली. मी चिडवलं की मलाही ऐकवायची, "लगनाआधी तुमका करली वाढलेली असती, तर लगीनच झाला नसता."

टोपात तुकडी ठेवली त्या दिवशी दिवेलागणीला ती बसल्या बसल्या गेली. रात्री तिला पोचवून आलो.

सकाळी शेजारच्या राणे वहिनी चहा घेऊन आल्या. टोप बघून म्हणाल्या, "भाऊ, सुतकात हे नको. मी टाकून देते." मी म्हटलं, राहू दे. त्या चहा ठेवून गेल्या. मी तिचं ताट घेतलं, चष्मा लावला आणि खिडकीशी उजेडात बसलो. चहा निवून गेला. एकेक काटा काढून कडेला लावला, लहानापासून मोठ्यापर्यंत. मग खाल्ली. घशात काही लागलं नाही.