पोर्चमधली प्यूजो

माझ्या बहिणीकडे, सिंगापूरच्या सेरंगून भागात, गणपतीच्या दर्शनाला आलेल्या बायका मोटारीच्या मागच्या सीटवर बसून खिरापत खात होत्या. मी डोळ्यांनी पाहिलं! मोटारीचा सांगाडा पोर्चमध्ये आणि सीट हॉलमध्ये. ओट्यावर भाजीशेजारी कार्ब्युरेटर. संजूताईच्या घराचं गॅरेज करून टाकलं होतं तिच्याच नवऱ्यानं, म्हणजे आमच्या पद्माकररावांनी.

हा माणूस जन्मभर तुआसच्या शिपयार्डात जहाजांची इंजिनं दुरुस्त करत आला. निवृत्त झाल्यावर चारचौघांसारखं फिरायला जावं, तर यांनी जुनी प्यूजो ५०४ घरी आणली. सिंगापुरात दहा वर्षांची गाडी लोक भंगारात काढतात, आणि हे त्या फ्रेंच म्हातारीच्या मागे लागले!

"तुम्हाला वेड लागलंय," मी तोंडावर सांगितलं.

"तुझ्या बहिणीला यातून चांगीच्या किनाऱ्यावर घेऊन जाणार आहे," ते हसत म्हणाले. "मग बोल."

काम मात्र अप्रतिम चाललं होतं, हे मला कबूल करावं लागलं. नट बोटांनी चाचपून बसवायचे, बिघाड आवाजावरून ओळखायचे. मी थक्क होऊन बघत राहायचो.

दसऱ्याला सकाळी गाडी सजली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. पद्माकरराव नवा झब्बा घालून स्टिअरिंगवर बसले. ताई निरांजनाचं ताट घेऊन समोर उभी राहिली आणि ओवाळू लागली. इंजिन सुरू झालं, आणि गाडी सरळ तिच्या अंगावर आली.

मी ओरडलो. ताट खणकन पडलं, ताई मागे गेटाला धडकली. ब्रेक लागला तेव्हा तिच्या आणि बंपरच्या मध्ये जेमतेम वीतभर जागा होती.

"आंधळे आहात का?" मी दार उघडून किंचाळलो.

पद्माकरराव पांढरेफटक पडले होते. "संजू समोर होती?"

माझा विश्वासच बसेना. लख्ख ऊन, लाल साडीतली बायको, हातात पेटतं निरांजन, आणि हा माणूस विचारतोय, समोर होती?

मग सगळं बाहेर आलं. वर्षभर त्यांना मधलं काही दिसतच नव्हतं. जिथे नजर लावावी तिथेच काळा डाग, कडेचं तेवढं दिसायचं. लायसन्स जाईल म्हणून डॉक्टरकडे गेले नाहीत. आणि एका छताखाली राहून ताईला याचा पत्ता नाही!

"एकदा तुला चांगीला नेलं की सांगणार होतो," ते पुटपुटले.

"खड्ड्यात गेली ती चांगी!" ताई कडाडली. "मला का नाही सांगितलंत?"

ते खाली उतरले. शेजारी उभ्या असलेल्या बायकोला बघायला त्यांनी मान वळवली आणि नजर भलतीकडे, भिंतीवर लावली. तेव्हा कुठे ती त्यांना दिसली.