झाकलेली खीर
दुधात वेलदोडा पडला की गोरेगाव नावाच्या खेड्यातली भाड्याची खोली आठवते. तिथं मी नोकरीला एकटीच होते. बुद्धपौर्णिमेला खीर केली, पण खायला कुणी नव्हतं, म्हणून भरदुपारी शेजारच्या एकट्या चाचीकडे वाटी नेली. रमजान चालू होता, हे ध्यानातच आलं नाही. चाचीनं वाटी झाकून ठेवली. "सांजेला ये बेटी, रोजा सुटला की संगं खाऊ." अजान झाली, तसा अर्धा खजूर तिनं माझ्या हातावर ठेवला. खीर खाताना मी सांगितलं, उपासानं वाळून गेलेल्या बुद्धांना सुजातानं अशीच खीर दिली होती. "म्हंजी त्यायचा बी रोजाच सुटला म्हन की," चाची म्हणाली. आता शहरात राहते. पौर्णिमेची खीर दुपारीच होते, तरी दिवस मावळेपर्यंत मी ती झाकून ठेवते. मग एकटीच खाते.