माईक चालू होता

बसस्टँडच्या चौकशी खिडकीमागे एक खोली आहे. खोली आपली म्हणायला; आत दोन माणसं शिरली तर एकानं श्वास सोडल्याशिवाय दुसऱ्याला घेता येत नाही. त्यात एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा, वाकड्या मानेचा एक माईक आणि त्या माईकपुढे माईकबाई. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राहिलं. सगळा स्टँड त्यांना माईकबाई म्हणायचा, आणि खऱ्या नावावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं.

आवाज मात्र असा, की गाडी उशिरा येणार हेसुद्धा त्या इतक्या अदबीनं सांगत, प्रवाशाला वाटावं उशीर खास आपल्यासाठी राखून ठेवला होता. आयुष्यात त्यांनी हजारो गाड्या वेळेवर सोडल्या. फक्त नवरा ज्या गाडीत बसून कायमचा गेला, तिची घोषणा करायची राहून गेली. तेव्हापासून घरात दोघीच, त्या आणि आई.

आई निवृत्त शिक्षिका. गुडघे गेले, कान गेले, ताठा तेवढा शाबूत. दिवसभर पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायची आणि मग फोनवर ते व्हिडिओ बघायची, ज्यांच्याखाली बोलणं अक्षरांत लिहून येतं. पोटाचं दुखणं जुनं. डॉक्टरनं बजावलं होतं, रोज विचारत जा, एका दिवसाच्या वर जाऊ देऊ नका. म्हणून बाई दुपारी जरा गर्दी ओसरली की घरी फोन लावायच्या. आईनं फोन कानाला घट्ट लावायचा आणि लेकीनं ओरडायचं, असा त्यांचा संवाद.

माईकला एक लाल दिवा होता. माईक चालू असला की तो लागे. तो जळून गेला होता. बाईंनी दोनदा लेखी कळवलं. वरून उत्तर आलं की दिवा ही प्रकाशाची वस्तू आहे, माईकचं काम आवाजाचं, तरी गरज स्पष्ट करावी.

गरज एका दुपारी सगळ्या स्टँडला स्पष्ट झाली.

माईकचा खटका खाली पाडायचा राहिला आणि फोन लागला. कर्ण्यांतून आवाज आला, "आई, झालं का? अगं जेवण नाही, पोट! पोट साफ झालं का? कालही नाही? जोर लावू नकोस, चक्कर येते तुला. कोमट पाणी पी आणि जरा फेऱ्या मार."

स्टँडवर जे हसू फुटलं ते थांबेना. कोणीतरी खिडकीवर थापा मारल्या तेव्हा बाईंना कळलं. त्यांनी खटका पाडला, पदरानं तोंड पुसलं आणि पुढच्या गाडीची घोषणा केली. आवाज जरासुद्धा हलला नाही. एवढं तर त्यांना येत होतं.

फलाटावर शिट्टी उभा होता. शिट्टी म्हणजे कंडक्टर. तोंडात शिट्टी नसली तरी बोलताना शिट्टी वाजते म्हणून शिट्टी. बाईंना ताई म्हणायचा, त्यांच्या डब्यातलं खायचा. त्यानं सगळं फोनवर टिपलं होतं, शेवटी स्वतःची शिट्टी जोडली आणि सोडून दिलं. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ बाईंच्या आधी त्यांच्या गल्लीत पोचला.

पुढं कोणी त्याला ढोलकीवर चढवलं, कोणी आईच्या जागी मांजर बसवलं. भाजीवाला पिशवी देताना म्हणे, "ताई, झालं का साफ?" शाळेच्या पोरी खिडकीपाशी येऊन गाडीचं न विचारता तेच विचारत. बाई शिट्टीला म्हणाल्या, "काढून टाक रे ते."

"ताई, मी काढून काय होतंय? ते आता माझ्या बापाचं राहिलंय का? आणि तुमचा फायदाच की. आधी कोण ओळखत होतं तुम्हाला?"

"मला नाही, आईला कळायला नको. तिला ऐकू येत नाही, एवढंच बरं आहे."

"मग झालं तर. ऐकूच येत नाही तर काय कळणार?"

बाईंनाही तोच आधार होता. पण आठवड्यानं कोणा हौशी माणसानं त्याच व्हिडिओखाली ठळक पिवळी अक्षरं टाकली. एकेक शब्द, उड्या मारत येणारा. आईचा फोन काढून घ्यावा, तर दुपारी बोलायचं कशावर? बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पोलिसांचा सायबर कक्ष गाठला.

तिथं जाण्याचा धीर त्यांना स्वतःच्याच आवाजानं दिला होता. वर्षभर त्या दर तासाला, पाकीटमारांपासून सावध राहा म्हटल्यावर, पोलिसांनी दिलेली एक सूचना वाचत होत्या: ऑनलाइन छळ हा गुन्हा आहे. गप्प बसू नका. कायदा आपल्या पाठीशी आहे. एवढ्या वेळा म्हटलेली गोष्ट माणसाला खरी वाटू लागते.

साहेब तरुण होता, सभ्य होता. ऐकून घेता घेता म्हणाला, "आवाज ओळखीचा वाटतोय."

"तुमची सूचना मीच वाचते."

"वा. फार छान वाचता." मग त्यानं संगणकावर कलमं उघडली आणि भाजी निवडावी तसा एकेक कलम बाजूला टाकत गेला. "शिवी आहे? नाही. धमकी? नाही. अश्लील? आता पोट म्हणजे... नाही. तुमच्या नावानं खोटं खातं? पैशाची मागणी? नाही. मग आहे काय नक्की?"

"हसतात, साहेब."

"हसणं कलमात बसत नाही, ताई."

"रोज हसतात. आई म्हातारी आहे माझी. जन्मभर मान वर करून जगली."

"समजतं मला. पण बोललात तुम्ही, सरकारी माईकवरून बोललात, भर स्टँडवर बोललात. मी कागद वर पाठवला तर तुमच्या खात्यातून तुम्हालाच विचारणा येईल." मग त्याला दया आली. "एक करा. काही खरंच वाईट आलं, घाण मेसेज वगैरे, तर लगेच या. मग बघा आम्ही काय करतो ते."

गिऱ्हाईक दुकानदाराला म्हणतं, माल आला की कळवा, तसं ते ऐकून बाई परतल्या.

वाट फार पाहावी लागली नाही. व्हिडिओखाली बाईंबद्दल कोणीतरी असं काही लिहिलं की ते इथं लिहिता येत नाही. खाली त्यांचा फोन नंबरही टाकला. वाचून बाईंना शिसारी आली आणि तिच्या मागोमाग चक्क हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची शिसारी नंतर जास्त दिवस टिकली.

साहेबाचा चेहरा उजळला. "आता कलम लागलं." आणि खरोखर कायदा धावला. दूरच्या गावातला एक मिक्सर दुरुस्त करणारा उचलून आणला. त्यानं हा स्टँड जन्मात पाहिला नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणावं तर हा संन्यासीही नव्हता. घाण त्यानंच लिहिली होती. पण चोर तर समोर खुर्चीत बसला होता, साक्षीदार म्हणून. बाईंची किती बदनामी झाली हे सांगायला शिट्टीइतका माहीतगार दुसरा कोण मिळणार? त्यानं इतकं मन लावून जबानी दिली की साहेबानं त्याच्यासाठी चहा मागवला.

"आणि तो व्हिडिओ?" बाईंनी विचारलं.

"आक्षेपार्ह मजकूर हटवलाय, ताई. व्हिडिओ वेगळा विषय आहे."

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: 'पोट साफ' व्हिडिओतील महिलेला न्याय. खाली सूचनेसारखंच वाक्य, गप्प बसू नका. बाजूला शिट्टीचा फोटो, जागरूक कंडक्टर. बाईंनी सकाळी दारातूनच घरचा पेपर उचलला, पर्समध्ये घातला आणि आईला सांगितलं, आज पेपरवाल्याची सुट्टी.

त्यानंतर दुपारच्या फोनवर आई चांगलं सांगू लागली. "झालं का?" विचारायच्या आत म्हणायची, "झालं, झालं. सगळं छान आहे. ठेव आता." बाईंना वाटलं, चला, एवढं तरी सुधारलं. डॉक्टरनं दिलेलं नवीन औषध लागू पडलं.

एका दुपारी शेजारच्या वहिनींचा फोन आला. आई न्हाणीघराच्या दारात वाकून बसली होती, पोट दगडासारखं, उलट्या थांबत नव्हत्या. इस्पितळात डॉक्टरनं तपासलं आणि बाईंकडे पाहिलं. "आतडं अडकलंय. इतके दिवस थांबलात कशाला? तुम्ही विचारत नव्हता का?"

"रोज विचारत होते," बाई म्हणाल्या.

आईनं डोळे मिटले होते. बाईंनी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, "आई, मला का नाही सांगितलंस?"

वॉर्डातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. आईनं डोळे उघडून त्या माना पाहिल्या. मग म्हणाली, "तुला सांगितलं की स्टँडला कळतं."

वहिनी पलंगाच्या कडेला उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "अहो, पेपरात तुमचं इतकं चांगलं छापून आलं होतं. मला वाटलं तुम्ही लाजून दाखवला नसेल. म्हणून मी माझा पेपर आणून काकूंना दिला. त्यांनी मग फोनवर शोधायला सांगितलं. मीच लावून दिलं, खाली अक्षरं असलेलं." त्यांना खरंच कळत नव्हतं आपलं काय चुकलं. बाईंनाही ते त्यांना सांगता आलं नाही.

ऑपरेशन झालं, आई वाचली. अर्धी होऊन घरी आली आणि ताठाही अर्धाच घेऊन आली.

खटल्याची तारीख पुढं पुढं जाते आहे. आरोपी माफी लिहून द्यायला तयार आहे, असं साहेबानं कळवलं. शिट्टी अजून ताईच म्हणतो, डबा उघडला की डोकावतो. या सगळ्या प्रकरणात बाईंच्या पदरात पडलेली एकच गोष्ट दाखवता येते. वरून लाल दिवा नवा बसवून मिळाला.

आता बाई सूचना वाचतात. पाकीटमारांपासून सावध राहा. ऑनलाइन छळ हा गुन्हा आहे. गप्प बसू नका. फलाटावरून कोणीतरी ओरडतं, "झालं का साफ?" त्यावर एकदोघं हसतात, पूर्वीएवढी मजा राहिलेली नाही. बाई खटका पाडतात. दिवा विझलेला पाहतात. पुन्हा एकदा पाहतात, आणि काचेपलीकडे कोणाचा फोन वर धरलेला नाही ना, तेही. मग घरी फोन लावतात.

"आई, जेवलीस?"

"हो."

"आणि..."

पुढचं हळू म्हटलं तर आईला ऐकू येत नाही. बाई थांबतात.

"ठेव गं," आई म्हणते. "गाडीची वेळ झाली असेल."