आपट्याच्या गाडीखालची लिंबं

दादूची अठ्ठावीस वर्षं आपटा-पनवेलच्या लाल एसटी गाडीच्या स्टिअरिंगमागे गेली. दर दसऱ्याला तो स्वतःच्या हाताने चारही चाकांखाली लिंबं ठेवायचा आणि ती चिरडतच गाडी बाहेर काढायचा. लिंबू चिरडलं की वाटेवरची पीडा टळली, एवढी त्याची साधी समजूत. तो निवृत्त झाला आणि चार वर्षांत सकाळची साडेसहाची फेरी बंद झाली. म्हणे प्रवासी मिळत नाहीत! गाडी कधी वेळेवर सोडायची नाही, आणि वर हा कांगावा.

फटका बसला तो त्याच्या नातीला. रिया पनवेलला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. आता उरली टमटम. सहाजणांच्या जागेत तेरा कोंबलेली, ड्रायव्हर अर्धा बाहेर लोंबतोय. दादूला त्या टमटमांची मनस्वी किळस. "त्यात पाय ठेवायचा नाय," त्याने बजावलं. रिया पंधरा दिवस घरी बसली, आणि कॉलेजचं पत्र आलं: सोमवारपासून हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही.

अशात कल्पेश घरी आला. गावातलाच, भातशेती विकून बिल्डर झालेला. पळस्प्याजवळ त्याची 'लिस्बन सिटी' उभी राहत होती. मोबाइलवर त्याने खऱ्या लिस्बनचे फोटो दाखवले. तिथे आधी रुळांवरच्या गाड्या घोडे ओढायचे. १९०१ साली विजेवरची ट्राम सुरू झाली, हळूहळू घोडे सुटले. पुढे बस आल्या, जमिनीखालून मेट्रो आली, ट्रामचे कितीतरी मार्ग बंद पडले. पण चढाच्या अरुंद गल्ल्यांत छोटी पिवळी ट्राम टिकली, कारण तिथली वळणं मोठ्या गाड्यांना जमेनात.

"अजून चालते?" दादूने विचारलं.

"चालते ना काका. उभ्याने जातात लोक."

"अशी पायजे कदर," दादू म्हणाला. वळणाची गोष्ट त्याला फार पटली होती.

"तशीच मी गेटवर आणतोय. तुमचीच जुनी गाडी, भंगारात मिळाली. रविवारी उद्घाटनाला खाकी घालून या. साडेसहाच्या फेरीचं मी वरती बोलतो."

रविवारी दादू कडक इस्त्रीची खाकी घालून गेला. लाल गाडी पिवळीधमक रंगवलेली. पुढच्या फरशीवर रंगाचेच रूळ ओढलेले. आत सीट उपटून कॉफीचं दुकान. बॉनेट उघडून पाहिलं तर इंजिनाच्या जागी प्लास्टिकची फुलं. माणसाला लाज नसावी, पण किती नसावी!

दादूला स्टिअरिंगवर बसवलं. भटजींनी रीतसर चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. लोक मोबाइल रोखून उभे राहिले. "घ्या पुढे!" कुणीतरी ओरडलं. गाडी कशी हलणार? चाकं सिमेंटात पक्की केलेली. मग स्पीकरवर इंजिनाचा आवाज लावला, आणि त्या आवाजाला टाळ्या पडल्या.

दादू खाली उतरला. वाकून एकेक लिंबू खिशात घातलं.

"काका, फोटो राहिला!"

"फेरीचं बोललास का वरती?"

"बघू हो काका, आज कशाला तो विषय?" कल्पेश हसला. "तुमी रोज या ना इथं. कॉफी फुकट."

"तिथली ट्राम माणसं नेते रे," दादू म्हणाला. "तू मढं रंगवलंस."

त्या तोंडावर थुंकावं असं त्याला वाटलं. खाकीची लाज म्हणून तो थुंकला नाही.

सोमवारी सकाळी गावाच्या फाट्यावर टमटम भरली. रिया मागच्या कडेला, एक पाय आत, एक पायरीवर. ड्रायव्हरने तंबाखूची पिंक टाकली आणि किल्ली फिरवली.

"थांब," दादू म्हणाला.

त्याने खिशातून लिंबं काढली. टमटमला चाकं तीनच. तीन लिंबं तिन्ही चाकांखाली ठेवली आणि बाजूला झाला.

"आता जा."

टमटम हलली. तिन्ही लिंबं चिरडली. उरलेलं चौथं मुठीत धरून दादू रियाचा पायरीवरचा पाय दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.