खाली हरलेल्यांचे वकील

वकिलांच्या घोळक्यात चहा कमी पडतो, किस्से पडत नाहीत. त्यातून अण्णांचा विषय निघाला, की घरी फोन करून सांगावं लागतं, "तुम्ही जेवून घ्या!" अण्णा म्हणजे चिंचवडचे अपिलाचे वकील. मी त्यांच्या हाताखाली होतो.

अपिलाच्या वकिलाची वेगळी पदवी नसते, राव. लोक म्हणतील तेव्हा तुम्ही अपिलाचे वकील. सत्तर सालच्या सुमारास सनद घेऊन मी अण्णांकडे गेलो, तो तेवढ्याचसाठी. पहिल्याच दिवशी विचारलं, तुम्ही कसे झालात?

अण्णा शांतपणे म्हणाले, "आधी खालच्या कोर्टात मन लावून हरलो."

*

निघोज्याचा एक शेतकरी बांधाचा दावा हरला होता. अपिलाच्या तारखेला पुण्याला आला तो टेम्पोभर साक्षीदार घेऊनच! अण्णांनी समजावलं, अपिलात सहसा नवे साक्षीदार घेत नाहीत, खाली जे बोललं गेलं त्यावरच निकाल.

गडी हिरमुसला. "आसं कसं, साहेब? खाली बोलली ती शिकीवलेली व्हती. ही खरी हायती!"

अण्णांनी सगळ्यांना मिसळ खाऊ घातली आणि त्याच टेम्पोतून परत पाठवलं.

*

माझं पहिलं अपील मी रविवारभर बसून लिहिलं. खालच्या न्यायाधीशांच्या चुका दाखवणारे डझनभर मुद्दे काढले. छाती नुसती फुगली होती. अण्णांनी एक मुद्दा ठेवला, बाकीचे खोडले.

"इतका चुकणारा माणूस न्यायाधीश राहील का रे?"

मला रडू यायचंच बाकी होतं. पण त्या एका मुद्द्यावर आम्ही जिंकलो. आम्ही कसले, अण्णा जिंकले. मी मागे पुस्तकं सांभाळत उभा!

*

अशी बरीच वर्षं गेली. शिफ्ट सुटल्यावर ओळखीचे कामगार निकाल घेऊन माझ्याकडे यायचे, आणि जाताना हळूच विचारायचे, "उभे अण्णाच राहतील ना?" फार जिवाला लागायचं हो ते.

*

आणि मग घरमालकानं अण्णांवरच दावा लावला, घर खाली करा म्हणून. चिंचवडगावातल्या दोन खोल्या, वहिनींचा सगळा संसार तिथला. अण्णा स्वतःच लढले आणि हरले. अपिलाला पुण्याचा कुणी बडा वकील देतील, असं सगळे धरून चालले होते. एके सकाळी अण्णा वहिनींना घेऊन माझ्या दारात उभे राहिले आणि वकीलपत्रावर सही करून मोकळे झाले.

मी म्हटलं, "अण्णा, घर जाईल हो."

"म्हणूनच तर आलोय."

सुनावणीला अण्णा मागच्या बाकावर वहिनींशेजारी बसले. मी बोलायला लागलो. न्यायाधीश अण्णांना वर्षानुवर्षं ऐकत आलेले. मध्येच मला थांबवून त्यांनी मागे पाहिलं आणि आदरानं विचारलं, "अण्णासाहेब, आपणच मांडता का?"

कोर्टात सगळ्यांच्या माना वळल्या. अण्णा उठले, हात जोडले.

"साहेब, माझे वकील बोलतायत."

आणि खाली बसले.