शुक्रवारचं तेल आणि छातीवरच्या रेघा

सासूबाईंच्या छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा होत्या. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग तंजावरच्या इस्पितळात रेडिएशन सुरू झालं, आणि किरण नेमके कुठं पाडायचे ते कळावं म्हणून तिथल्या लोकांनी त्या आखल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रेघांवर साबण नको, तेल नको, हळद तर नकोच. शनिवार-रविवार सोडून रोज थोडा डोस, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. किरणांनी वाईट पेशी मरतात, चांगल्यांनाही इजा होते, पण चांगल्या पुन्हा सावरतात. खंड पडला की वाईटांनाही सावरायला सवड मिळते. यात न कळण्यासारखं काय आहे, मला अजून समजलेलं नाही.

पण कुंभकोणमच्या आमच्या घरात शेवटचा शब्द आत्यांचा. आत्या म्हणजे सासूबाईंची थोरली नणंद. त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला: किरण म्हणजे उष्णता. ती अंगात साठून राहते आणि उतरते ती शुक्रवारी तेल लावून नहाल्यानंच. आमच्याकडे तोंड आलं तरी उष्णता, परीक्षेत नापास झालं तरी उष्णता, आणि सगळ्यावर औषध तिळाचं तेल. उष्णता उतरेपर्यंत माझ्या मुलीच्या तान्ह्या बाळाला पणजीजवळ न्यायचं नाही, असाही हुकूम निघाला. सासूबाई लांबून बाळाला टाळ्या वाजवून दाखवायच्या.

मी रोज त्यांना गाडीतून तंजावरला नेऊन आणायची आणि घरी सोडून आमच्या भांड्यांच्या दुकानात जायची. एका शुक्रवारी आत्यांनी माझी पाठ वळायची वाट पाहिली. माझा नवरा घरातच होता. पेपर वाचत होता.

सोमवारी मशीनजवळच्या मुलीनं सासूबाईंचा गाउन बाजूला केला आणि माझ्याकडे पाहिलं. छाती लख्ख. शिकेकाईनं घासलेल्या पितळेसारखी.

"पाट्टी, रेघा कुठं गेल्या?" तिनं विचारलं. तिथं सगळ्या आज्यांना पाट्टीच म्हणतात.

सासूबाई छताकडे बघत राहिल्या.

त्या दिवशी उपचार झाले नाहीत. पुन्हा मोजमाप, पुन्हा आखणी, आणि वर डॉक्टरीणबाईंची बोलणी. तीही मीच ऐकली. येताना सासूबाई गाडीत एवढंच म्हणाल्या, "मी नको म्हटलं होतं गे. पण वन्संपुढं कोण बोलणार?"

घरी आल्यावर मी बोलले. "आत्या, किरण अंगात राहत नाहीत. मशीन बंद झालं की संपले."

"तू काय डॉक्टर? पितळेची भांडी विकतेस."

"गेल्या वर्षी तुमच्या छातीचा एक्स-रे काढला. तेही किरणच. तिथून तुम्ही सरळ हॉटेलात गेलात आणि कॉफी प्यालात. तेव्हा कुणी तुम्हाला तेल लावलं?"

"ते मशीन लहान होतं."

"एक नहाणंच तर घातलं," नवरा पेपरामागून म्हणाला.

"पेपर वाचा," मी म्हटलं.

आता सगळं सासूबाईंवर होतं. मी दुकान बंद ठेवून पहारा देणार नव्हते, आणि लग्न झाल्यापासून त्यांनी नणंदेला कधी नाही म्हटलेलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी आम्ही परतलो तर मागच्या दारी पाट मांडलेला, तेल कोमट करून तयार. मी गाडीची चावी हातात घेऊन उभी राहिले. सासूबाईंनी पाटाकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं.

"वन्सं, रेघा पुसल्या तर मी मरेन. तेल तुम्हीच लावून घ्या," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन बाळ मांडीवर घेऊन बसल्या. बाळानं त्यांची बोटं तोंडात घातली.

उपचार पुरे झाले. किरणांनी करायचं ते केलं: कातडी करपल्यासारखी काळी पडली, काखेत सोलली, आणि न्हाणीघरापर्यंत जाऊन आल्या की त्यांना आडवं व्हावं लागायचं. तेही हळूहळू भरून आलं. बाळाला काही झालं नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण आमच्या नात्यात पडते.

आत्यांनी मात्र तापवलेलं तेल वाया घालवलं नाही. एका घरात राहून आपल्यालाही उष्णता लागली असणार, म्हणून त्या दर शुक्रवारी स्वतःच नहात राहिल्या आणि शेवटी सर्दीनं अंथरुणाला खिळल्या. सासूबाईंनी त्यांना मिऱ्यांचं सार करून दिलं. ती सर्दी किरणांचीच, असं आत्या अजून येईल त्याला सांगतात.